पिन बसली, पण डिस्क फिरेना

पिन बसली म्हणजे अडाप्टर चालतोच असं नसतं, हे आमच्या पांडूला किती वेळा सांगू? पांडू माझा धाकटा भाऊ, मुरबाडकडं गावी असतो. मी इकडं हैदराबादला, कॅमेरे बसवायच्या कामाला.

घरी माझी जुनी हार्ड डिस्क आहे, प्लगला लावायची ती मोठी. तिच्यात आमच्या वारलेल्या मावशीच्या आवाजातले धवले आहेत. मावशी धवलारीण होती, लग्नात ही विधीची गाणी गायची. परवा चुलत बहिणीची हळद आहे आणि मावशीच्या जागी आई गाणार. तिला मधली कडवी आठवेनात. त्यात डिस्कचा अडाप्टर हरवलेला.

पांडूनं सकाळी सेट-टॉप बॉक्सचा लावला. लाइट लागली, पण आतून नुसती टकटक. फोनवर म्हणतो, "दादा, डिस्क मेली."

म्हटलं, "मेली नाय, उपाशी हाय. उलटी कर आन् वाच."

खाली लिहिलेलं, बारा वोल्ट, दोन अँपिअर. त्यानं लावलेला बारा वोल्टचाच, पण अँपिअर एकच.

"मंग पिन कशी बसली?"

म्हटलं, "पिन सारखीच असते रं, करंट कमी पडतोय. दोन अँपिअरचा आण."

मुरबाडात मिळाला नाय म्हणून दुपारी शहापूरला जाऊन त्यानं दोन अँपिअरचा आणला. टीव्हीला डिस्क लावली, फिरली. फोनवर मला मावशीचा आवाज आला आणि मागून आई म्हणाली, "गप बसा रे दोघं, ऐकू द्या."

तुमच्या माणसांचे आवाज तुमी कशात ठेवलेत? मी तर धवले पेनड्राइव्हमध्येपण घ्यायला सांगितलेत. त्याचे आणि अडाप्टरचे मिळून पांडूला सातशे रुपये पाठवतोय.