शीड, छत्री आणि एक स्पॅनिश क्रियापद

"थांबा, याची घडी उलगडू," असं म्हणत तो समोरच्याचा शब्द चिमटीत धरायचा. मग तुमच्या चहाचा बर्फ झाला तरी सुटका नाही.

तो नागपूरचा. आयर्लंडमध्ये, कॉर्क शहराजवळच्या रिंगास्किडी बंदरातल्या एका औषध कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसे. वाऱ्याला घाबरून कॉर्कचे लोक छत्री घरीच ठेवतात. याची मात्र एवढी अवाढव्य, की तिच्याखाली अर्धं बंदर कोरडं राही. एकदा वाऱ्यानं त्याला छत्रीसकट उचलून थेट पुढच्या बसस्टॉपवर ठेवलं. बस मागाहून आली. फाटकावरचा वॉचमन म्हणे, "युअर मॅन (इकडे कुणालाही असंच म्हणतात, म्हणजे 'तो बुवा') तंबू घेऊन आला."

लग्न होताच तो एकटा इकडे आला होता. बायकोच्या व्हिसाचा अर्ज गेला, पण उत्तर येईना. वाट बघून डोकं फिरू नये म्हणून तो जेवणाच्या सुट्टीत लॅबमधल्या स्पॅनिश बाईंकडून त्यांची भाषा शिकू लागला. एका दुपारी तो डब्यातली घडीची पोळी हातात धरून उभाच राहिला.

"येगार म्हणजे पोचणं. मूळ लॅटिन प्लिकारे, घडी घालणं. किनारा आला की खलाशी शिडाची घडी घालायचे म्हणे. घडी घातली, म्हणजे पोचलो." पोळीचा एकेक पदर सोडवत तो म्हणाला, "इंग्रजीतला अप्लाय याच घरातला. रिप्लायही. आपल्याला इथे अडकवणारा एम्प्लॉयसुद्धा."

"म्हणजे सख्खी भावंडं?" मी विचारलं.

"हो ना. पण अप्लाय केव्हाचा गेला, रिप्लाय घरातून निघूनच नाही राहिला."

सगळे हसले. तोही हसला. पोळी मात्र तशीच डब्यात परत गेली.

२०१७च्या मार्चमध्ये रिप्लाय निघाला एकदाचा. ती डब्लिनहून बसनं येणार होती. धीर द्यायला त्यानं मला सोबत नेलं. पाऊस असा, की नदीच रस्ता ओलांडून वहिनींना बघायला आलेली. छत्रीखाली आम्ही दोघं आणि निम्मं कॉर्क.

बस लागली. ती उतरली. आणि शब्द दिसला की उलगडल्याशिवाय न राहणाऱ्या या माणसानं भर पावसात छत्री मिटली. नीट घडी घातली, बंद लावला, काखेत धरली. निम्मं कॉर्क शिव्या देत पांगलं.

"अहो, भिजून राहिले ना तुम्ही," ती म्हणाली.

तो नुसता हसत उभा.

पुढे दोघं लिमरिकला गेली. जाताना छत्री मला देऊन गेली. माझ्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या बोलीतल्या कपाटात, ती आहे. बाहेर आभाळ कोसळलं तरी मी भिजत जातो; तिची घडी मोडायला हात धजत नाही.