अरुणकाकांचा ताफा

नेपरव्हिलच्या अरुणकाकांबरोबर कुठे जायचं म्हणजे महायुद्धाला निघाल्यासारखं असतं. त्यांचे वडील, अण्णा, दुसऱ्या महायुद्धात मालवाहू बोटीवर आगवाला होते, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने त्यांची बोट बुडवली. ताफ्यातल्या बाकीच्या बोटी थांबल्या नाहीत. कोणासाठी थांबायचं नाही असा हुकूमच होता. सगळ्यात मागच्या बोटीने अण्णांना पाण्यातून उचललं.

म्हणून काका आजही नातेवाइकांच्या गाड्या ताफ्यानेच नेतात. सगळ्यांनी सगळ्यात हळू गाडीच्या वेगाने जायचं. फोन बंद, कारण शत्रू ऐकतो. कोणी मागे राहिलं तरी थांबायचं नाही, उचलायला शेवटी काकांची गाडी आहेच. एकदा त्यांनी हायवेवर सगळ्यांना नागमोडी चालवायला लावलं, पाणबुडीला नेम धरता येऊ नये म्हणून बोटी जायच्या तसं, तेव्हा पोलिसांनी अख्खा ताफा अडवला. पोलिसांचं काकांना काही वाटलं नाही, ताफा थांबला याचंच वाईट वाटलं. माझ्या डोक्यात जातं हे सगळं, पण शेजारी पडलो.

गेल्या मार्चमध्ये काकांच्या पहिल्या नातीचं बारसं होतं, सुनेच्या माहेरी, मिलवॉकीला. काकांचा मुलगा संग्राम ताफ्याच्या पुढे. शेवटच्या गाडीत काका, मी आणि त्यांची मुलगी आश्लेषा. बाळाच्या कानात नाव सांगणार तीच, कारण आत्या ती.

विस्कॉन्सिनमध्ये शिरलो आणि काकांचीच गाडी बंद पडली. बाहेर बर्फ भुरभुरत होता. पुढच्या गाड्या बघता बघता दिसेनाशा झाल्या.

"बघा, एकही थांबली नाही," काका अभिमानाने म्हणाले.

"बट बाबा, आपल्याला कोण पिकअप करणार?" आश्लेषा म्हणाली. "वी आर द लास्ट कार."

इतक्या वर्षांत हा प्रश्न काकांना पडलाच नव्हता. त्यांनी सगळ्यांना फोन लावून पाहिले. सगळे बंद. सूनही बारशाच्या गडबडीत फोन उचलेना. एरवी साध्या पिकनिकला वेळेवर न येणारी ही माणसं नेमकी आजच शिस्तीत वागत होती. टो ट्रकवाला कधी येणार ते सांगेना. बारशाची वेळ टळली. आश्लेषा रडवेली झाली, आणि मला काकांचा मनापासून राग आला.

शेवटी सुनेचा, रुपालीचा, फोन आला. काकांनी तो स्पीकरवर घेतला.

"बाबा, कुठे आहात? सगळे पोचले. तुमचं विचारलं तर म्हणाले, थांबायचं नाही असा रूल आहे. जेवायला बसलेत. संग्राम निघालाय तुम्हाला घ्यायला. ताईशिवाय नाव ठेवणार नाही, डोंट वरी."

"जेवायला बसले?" काकांनी विचारलं.

"हो."

काकांनी फोन ठेवला आणि रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"अण्णा सांगायचे," ते म्हणाले, "बोटी निघून गेल्या तेव्हा त्यांना हायसं वाटलं. निदान बाकीचे तरी वाचले म्हणून."

"मग?" आश्लेषाने विचारलं.

"खोटं सांगायचे गं ते मला."