तुरीचा भाव सांगणारी टंचाई शाखा

सरकारी कचेरीत फायलींसारखे किस्सेही साचतात. फरक एवढाच, की किस्से कुणीतरी पुन्हा उघडतं!

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा साहेब आले, शिक्के आले, इमारत तेवढी यायची राहिली. दुष्काळानं धान्याच्या एका आडत्याचा धंदा बसला होता. त्याचंच दुकान भाड्यानं घेऊन आमची टंचाई शाखा थाटली. टंचाई आमच्यापासूनच सुरू. पाच कारकून, चार खुर्च्या! आधी येईल तो बसेल, असं ठरल्यावर जन्मात पहिल्यांदा सगळे वेळेवर येऊ लागले.

*

माझ्या शेजारचे मन्मथअप्पा नांदेडचे. बायको-पोरं तिकडं, हे इकडं खोली करून. रोज सकाळी साहेबांना विचारायचे, "माझ्या बदलीचं काही आलं का?" नोकरीभर त्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं: 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर.' पुढं कार्यवाही झाली का, हे त्यांना कधी कळलं नाही.

*

एकदा रेणापूरकडचा एक म्हातारा तुरीचं पोतं घेऊन थेट अप्पांच्या टेबलापुढं! दुकानाची पाटी बदललेली त्यानं बघितलीच नव्हती. "मालक, तुरीचा काय भाव चालू हाय?"

अप्पा उठले, शेजारच्या आडतीवर विचारून आले, भाव सांगितला. "लई बरं झालं," म्हणत म्हातारा गेला. अप्पा माझ्याकडं वळले.

"काम झालं हो त्याचं! माझ्यासमोर!"

पुढं अशी गिऱ्हाइकं रोजच येऊ लागली.

*

जळकोटकडचे एक सरपंच टँकर मागायला आले. अप्पा सवयीनं म्हणाले, "वर विचारावं लागेल."

"तुरीचा भाव लगेच सांगता, अन् पाण्याला वर? मग तुरीचंच खातं काढा की!"

अप्पांनी सरपंचांचा हात धरून त्यांना साहेबांपुढं उभं केलं आणि सही होईस्तोवर हलले नाहीत. संध्याकाळी टँकर निघाला.

पुढं सरपंचांनी त्याच टँकरच्या पाण्याची कळशी कचेरीत पाठवली. साहेबांनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "डिझेलचा वास येतोय."

"येऊ द्या," अप्पा दुसरा पेला भरत म्हणाले. "आपण केलेलं काम प्यायला कधी मिळालं होतं?"

*

आणि अप्पांची बदली आली! नांदेड, आस्थापना शाखा, घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. आम्ही पेढे मागवले. अप्पा साहेबांपुढं जाऊन बसले. "साहेब, रद्द होईल का?"

"अहो, रोज माझं डोकं खात होता तुम्ही! वहिनींना काय सांगणार?"

"तिला इकडं आणतो."

"आणि मी वर कारण काय देऊ?"

अप्पांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दारात धप्पकन पोतं पडलं. "मालक, तुरीचा काय भाव?"

अप्पा उठलेसुद्धा. "कारण मागाहून सांगतो, साहेब. हे काम आत्ता होणारं हाय!"