देवळालीच्या बंगल्यातील वाईनची चोरी

नोकरीच्या काळात खून, दरोडे, जाळपोळ असे पुष्कळ गुन्हे हाताळले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणत्या गावचा आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे सांगायला मला थांबून विचार करावा लागतो. पण देवळालीच्या एका बंगल्यातून वाईनच्या बाटल्या नाहीशा झाल्या होत्या, त्या तपासाची गोष्ट मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. त्यात ना रक्त सांडले, ना कोणाला शिक्षा झाली.

साल एकोणीसशे तीसनंतरचे. मी तेव्हा नाशिकजवळ देवळालीच्या ठाण्यात फौजदार होतो. एका बाजूला लष्कराची छावणी, दुसऱ्या बाजूला हवापालटासाठी येणाऱ्या मुंबईकरांचे बंगले. छावणीतले भांडण छावणीत मिटे. आमच्याकडे येत त्या बंगल्यांतल्या किरकोळ चोऱ्या, टांगेवाल्यांच्या मारामाऱ्या आणि हरवलेली कुत्री.

एके दिवशी सकाळी, स्टेशन डायरीत रात्रपाळीची नोंद मी तपासत असताना, एक सुटाबुटातले तरुण गृहस्थ ठाण्यात आले. त्यांचे मामा म्हणजे देवळालीतले एक वयोवृद्ध पारशी डॉक्टर. सगळा परिसर त्यांना ओळखत होता. भगूरपासून घोटीपर्यंतच्या गरिबांना त्यांनी वर्षानुवर्षे फुकट औषध दिले होते. विलायतेत शिकत असताना त्यांना फ्रान्सच्या बोर्डो प्रांतातल्या तांबड्या वाईनची गोडी लागली. ही वाईन एका जातीच्या द्राक्षाची नसते. दोन-तीन जातींच्या द्राक्षांचा रस वेगवेगळा मुरवून मग त्याचे मिश्रण करतात, आणि सगळे कसब त्या मिश्रणात असते. साहेब लोक तिला क्लॅरेट म्हणत. डॉक्टरांचे नाक यात इतके तयार होते की, पेला नुसता नाकाशी धरून ते मिश्रणात काय काय आहे ते सांगत, अशी त्यांची ख्याती होती.

या भाच्याला मुंबईत परदेशी वाईनचे दुकान काढायचे होते. त्यासाठी त्याने मामांच्या बंगल्यावर एक जेवण ठरवले होते. फ्रान्सच्या बाटल्यांबरोबर त्याच पद्धतीने केलेल्या ऑस्ट्रेलियाच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या बाटल्याही मागवल्या होत्या. बाटल्यांना फडकी गुंडाळायची, प्रत्येक पदार्थाबरोबर एकेक पेला पुढे करायचा, पाहुण्यांनी चव घेऊन मत सांगायचे आणि शेवटी डॉक्टरांनी निवाडा द्यायचा, असा बेत होता. मुंबईहून पाहुणे रविवारी गाडीने येणार होते. आणि आता बाटल्या ठेवलेली थंड खोली रिकामी होती. कुलूप शाबूत होते.

मी बंगल्यावर जाऊन पाहणी केली. कुलूप शाबूत असलेली चोरी घरातलाच माणूस करतो, हे पोलिसाला पहिल्या वर्षीच कळते. खोलीच्या दोन किल्ल्या होत्या. एक डॉक्टरांच्या कमरेला असे, दुसरी खानसाम्याकडे. खानसामा म्हणजे जुन्या नाशकातला एक मुसलमान म्हातारा. बायको गेल्यापासून तो बंगल्याच्या मागच्या खोलीतच राही. इतकी वर्षे त्याने या बाटल्या पुसल्या, उघडल्या, पेल्यात ओतल्या, पण थेंबही कधी जिभेला लावला नव्हता. त्याला विचारले तेव्हा, मला काही माहीत नाही, एवढेच म्हणाला. डॉक्टर आरामखुर्चीत बसून होते. म्हणाले, जाऊ दे, बाटल्याच गेल्या, माणूस तर नाही गेला. भाचा मात्र ऐकायला तयार नव्हता. फिर्याद त्याची होती आणि ती नोंदवली गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा हवालदार टांग्याच्या अड्ड्यावरून खबर घेऊन आला. एका टांगेवाल्याने डॉक्टरांच्या खानसाम्याला दोन पेट्यांसह जुन्या नाशकात सोडले होते. पेट्या वजनदार होत्या आणि म्हातारा वाटभर त्यांच्यावर हात ठेवून बसला होता. टांगेवाल्याने घर दाखवले. खानसाम्याची विधवा बहीण तिथे राहत होती.

आम्ही खानसाम्याला बरोबर घेऊन गेलो. गल्लीतलेच दोन पंच घेतले. बाई शिवणकाम करून पोट भरणारी, सरळ स्वभावाची. तिने स्वतःच पडद्यामागून पेट्या ओढून पुढे केल्या. पेट्या उघडल्या तशी दारात गर्दी झाली. पंचांतल्या एकाला इंग्रजी अक्षरओळख होती. त्याने बाटलीवरचे नाव वाचले आणि बाटली झटकन खाली ठेवून हात कपड्याला पुसला. बाईच्या ते लक्षात आले. तिने भावाकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "भाईजान, तुम तो सिरका बोले थे." पेट्यांत सिरका, म्हणजे व्हिनेगर आहे, असे त्याने तिला सांगितले होते.

खानसाम्याने मान खाली घातली. पंचनामा होईपर्यंत ती त्याने वर केली नाही. गल्लीतून बाहेर पडताना लोक बाजूला सरकून वाट देत होते, पण त्याच्याशी कोणी बोलले नाही. पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाच्या बहिणीच्या घरात दारूच्या पेट्या सापडल्या होत्या. त्याला बेड्या घातल्या नव्हत्या, पण तो बेड्या घातल्यासारखाच चालत होता.

ठाण्यात आणून मी त्याची जबानी घ्यायला बसलो. चोरी करणारा माणूस पकडला गेला की फार बोलतो, हा माझा अनुभव आहे. बायको आजारी होती, मित्राने भरीस घातले, मला वाटले कोणाला कळणार नाही, अशी एकामागून एक कारणे देतो. या म्हाताऱ्याचे तसे नव्हते. तो म्हणाला, "बाटल्या मी नेल्या. चोरल्या नाहीत."

का नेल्या, विचारले. ते सांगता येणार नाही, म्हणाला. विकायच्या होत्या का? नाही. कोणी सांगितले होते का? यावर तो गप्प. हवालदाराने आवाज चढवून पाहिला. मी चहा पाजून पाहिला. उत्तर तेच. उद्या मॅजिस्ट्रेटसमोर उभे करतील, या वयात तुरुंगात जावे लागेल, हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने ते नीट ऐकून घेतले आणि एकच गोष्ट विचारली. बंगल्यावर आज स्वयंपाक कोण करणार, डॉक्टरांच्या ताटात काय जाते ते कोणीतरी आधी बघायला हवे.

मला ते नोकराच्या मायेचे बोलणे वाटले. डायरीत नोंद करून मी त्याला कोठडीत पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्देमालाची ओळख पटवून घ्यायला मी बंगल्यावर गेलो. भाचा पाहुण्यांच्या व्यवस्थेसाठी छावणीतल्या क्लबात गेला होता. स्वयंपाकघरात माळ्याची बायको तात्पुरती काम करत होती. डॉक्टर व्हरांड्यात बसले होते. मी बरोबर आणलेली बाटली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती फिरवून पाहिली, आपलीच म्हणाले, आणि खानसाम्याला कधी सोडणार, असे विचारले. मी म्हणालो, ते आता मॅजिस्ट्रेटच्या हातात आहे. त्यांचा चेहरा उतरला. ते कायद्याबद्दल खोदून खोदून विचारू लागले, फिर्याद मागे घेता येते का, धनीच तक्रार नाही म्हणाला तर काय होते.

आमचे बोलणे चालू असताना आतून जळक्या दुधाचा वास आला. बाई दूध चुलीवर ठेवून परसात गेली असावी. वास वाढत गेला. शेवटी इतका झाला की मी रुमाल नाकाला लावला. डॉक्टर बोलतच होते. त्यांची खुर्ची तर स्वयंपाकघराच्या दाराला लागून होती. दोन-तीन पदरी वाईनचा पदर न् पदर सांगणारा माणूस, आणि त्याला हाताभरावरचे जळके दूध कळत नव्हते. मग दारातून धूर बाहेर आला. तो डोळ्यांना दिसला तेव्हा कुठे ते दचकून उठले.

मी आत जाऊन पातेले खाली उतरवले आणि परत येऊन बसलो. मग मी विचारले, "डॉक्टर, तुम्हाला वास येत नाही का?"

आधी ते म्हणाले की वारा उलट्या बाजूचा आहे. वारा पडलेला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही.

"नाक गेला माझा, फौजदार," ते म्हणाले. त्यांचे मराठी पारशी वळणाचे होते. "थंडीत ताप आला, त्यात गेला. आता गुलाब काय नि गटार काय, सारखाच."

मग त्यांनी सगळे सांगितले. स्वतः डॉक्टर असल्यामुळे वास परत येणार नाही हे त्यांना महिन्याभरात कळून चुकले होते. पण हे कोणाला सांगायची त्यांना लाज वाटे. खानसाम्याला ते आपोआप कळले. एकदा नासलेले मटण ते शांतपणे खात बसले होते, त्याने ताट ओढून घेतले. तेव्हापासून ताटातला प्रत्येक पदार्थ तो आधी हुंगून मग वाढी. भाच्याने जेवणाचा घाट घातला तेव्हा नाही म्हणायचे धैर्य डॉक्टरांना झाले नाही. पाहुण्यांसमोर पेला हातात घेऊन काय बोलायचे, या धास्तीने त्यांची झोप उडाली. शेवटी त्यांनीच खानसाम्याला सांगितले की, पाहुणे परत जाईपर्यंत या बाटल्या कुठेतरी नेऊन ठेव. चोरी झाली म्हणू, जेवण रद्द होईल, गोष्ट मिटेल. भाचा तडक पोलिसांत जाईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते.

"तो माणूस कोठडीत आहे," मी म्हणालो. "त्याच्या बहिणीच्या दारात सगळा मोहल्ला जमला होता. तरी त्याने तुमचे नाव घेतले नाही."

बहिणीचे त्यांना ठाऊक नव्हते. ते ऐकून त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. बऱ्याच वेळाने उठले, डोक्यावर काळी टोपी घातली आणि टांगा बोलवायला सांगितले.

ठाण्यात येऊन त्यांनी आपली जबानी दिली, वाचून पाहिली आणि सही केली. मी खानसाम्याला बाहेर आणवले. डॉक्टरांना बाकावर बसलेले पाहून तो घाबरला. साहेब, तुम्ही इथे कशाला आलात, लोक बघतील, म्हणाला. डॉक्टर उठून उभे राहिले आणि हवालदार, शिपाई सगळ्यांच्या देखत त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले. म्हाताऱ्याने ते हात धरून खाली केले. माझ्याकडे न बघता, डॉक्टरांकडे बघत तो म्हणाला, "माझं काही नाही, साहेब. पण माझ्या बहिणीला त्याच गल्लीत राहायचंय. तुम्ही तिथे येऊन सांगा."

इतक्या वर्षांत त्याने मालकाकडे बहुधा पहिल्यांदाच काही मागितले होते.

डॉक्टर गेले. खानसाम्याला बरोबर घेऊन मीही गेलो. पंचनामा मी केला होता, तेव्हा ते सांगताना मी हजर असणे योग्य होते. गल्लीत टांगा शिरत नव्हता. डॉक्टर काठी टेकत चालत गेले. बहिणीच्या दारात उभे राहून त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले की पेट्या माझ्या, त्या मी ठेवायला लावल्या, या घरात त्या काय आहेत हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि हा माणूस माझी अब्रू राखण्यासाठी कोठडीत बसला. लोक ऐकत राहिले. मग हात पुसणारा तो पंच पुढे आला आणि त्याने डॉक्टरांसाठी आपल्या घरातून खुर्ची आणली. त्याच्या आईला कधीकाळी डॉक्टरांनी औषध दिले होते, असे तो म्हणाला. बाई दाराआड उभी होती. तिने भावाला आत बोलावले आणि जेवून जा म्हणाली. तो आत गेला, तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा दीर्घ श्वास घेतला.

कागदोपत्री मी मॅजिस्ट्रेटकडे अहवाल पाठवला की फिर्याद गैरसमजातून दिलेली आहे, गुन्हा घडलेला नाही. खानसाम्याची सुटका झाली आणि बाटल्या बंगल्यावर परत गेल्या. भाचा आधी संतापला, नंतर ओशाळला. मामांच्या आजाराची त्याला कल्पनाच नव्हती. जेवण रद्द करू या, असे तोच म्हणाला. डॉक्टर म्हणाले, आता रद्द करायला नको.

रविवारी संध्याकाळी जेवण झाले. मलाही बोलावणे होते. मी घेत नसल्यामुळे माझ्यापुढे लिंबाचे सरबत होते. मुंबईचे दोन व्यापारी, एक निवृत्त न्यायाधीश, छावणीतला एक गोरा अधिकारी आणि त्याची पत्नी, इतकीच मंडळी. घोटीच्या तांदळाचा पुलाव आणि भाजलेली कोंबडी होती. पहिला पेला भरल्यावर डॉक्टरांनी सर्वांना सांगितले की माझे नाक गेले आहे, आज मी निवाडा देणार नाही. तुम्हाला काय वास येतो ते तुम्ही मला सांगा.

क्षणभर सगळे अवघडले. मग त्या गोऱ्या बाईने पेला नाकाशी नेला आणि म्हणाली, पावसानंतर लाकडाच्या वखारीत येतो तसा. न्यायाधीश म्हणाले, मला तर जांभळाचा येतो. व्यापाऱ्यांपैकी एकाला जुन्या चामड्याचा आला. त्यावरून वाद झाला, हसणे झाले. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते, मधूनच घोट घेऊन आंबटपणा किती, तुरटपणा किती, एवढे जिभेने सांगत होते. कोणती बाटली सरस ठरली ते मला आता आठवत नाही. फडकी सोडल्यावर भाच्याने नावे वाचून दाखवली, पण तोवर कोणाला त्यात फारसा रस उरला नव्हता. खानसामा नेहमीसारखा पांढऱ्या अंगरख्यात पेले भरत होता.

माणूस आपला गुन्हा लपवतो त्यापेक्षा आपली उणीव जास्त निकराने लपवतो, हे मला त्या तपासाने शिकवले. गुन्ह्याला निदान शिक्षा ठरलेली असते. उणीव उघडी पडली तर काय होईल याचा अंदाज नसतो, म्हणून तिची भीती मोठी. आणि ती लपवताना किंमत बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते. डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते. ते फक्त एक दिवस उशिरा धीट झाले.

पुढे बदल्या होत गेल्या, ठाणी बदलली. गप्प बसणारे आरोपी सगळीकडे भेटले. त्यांच्यासमोर बसल्यावर, काय लपवतोस हे विचारण्याआधी, कोणासाठी लपवतोस हे मी विचारू लागलो. उत्तर कधी मिळे, कधी मिळत नसे. पण प्रश्न ऐकून तो माणूस मान वर करून माझ्याकडे बघे, एवढे मात्र जवळजवळ दरवेळी झाले.