दस्तीखालची पाटी

भाचीनं नवा टॅब घेतलाय. हलका, पातळ, देखणा. तिनं त्यावर बोटानं वेडंवाकडं 'आज्जी' लिहिलं, तर त्यानं ते छापील अक्षरांत मांडलं आणि वर मोठ्यानं वाचूनही दाखवलं. अव्वा, म्हणजे माझी आई, तोंडाला पदर लावून हसली. मी मात्र उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. एखाद्या यंत्राचा इतका राग मला कधी आला नव्हता. हे शहाणपण त्याला आत्ता सुचलं?

आमच्या घरात पहिला टॅब आला तेव्हा ही भाची जन्मलीही नव्हती. तो अप्पांसाठी आणला होता. अप्पा म्हणजे माझे वडील. आळंदच्या बैलबाजारात दलाली करायचे. आवाज असा, की बाजाराच्या या टोकाला खाकरले तरी त्या टोकाची माणसं म्हणायची, आले. मग घशात गाठ निघाली. सोलापूरला ऑपरेशन झालं आणि गाठीबरोबर आवाजही गेला.

ऑपरेशनला जायच्या आधी मी त्यांना एक गोष्ट विचारली होती. मी नुकतीच कडगंचीला नोकरीला लागले होते. तिथं बरोबर काम करणाऱ्या एकाशी मला लग्न करायचं होतं आणि तो आमच्या जातीतला नव्हता. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. चिडले नाहीत, हसलेही नाहीत. म्हणाले, "एवढं ऑपरेशन हू दे अक्का, मग सांगतो." आमच्याकडं लाडक्या लेकीलाही अक्का म्हणतात. ते 'मग' आलं तेव्हा सांगायला आवाजच नव्हता.

पाणी पाहिजे, औषध नको, खिडकी लाव, हे ते मानेनं सांगायचे. माझ्या प्रश्नावर मात्र मान हलवायचे नाहीत. एकटे असताना मी विचारलं, की हातानं थांब म्हणायचे आणि हवेत लिहून दाखवायचे. त्यांना नुसतं व्हय-न्हाई करायचं नव्हतं, काहीतरी नीट सांगायचं होतं. मी शाळेतली पाटी आणून दिली, तर त्यांनी ती पलंगाखाली सरकवली. पहिल्या दिवशी तिच्यावर लिहिलं होतं, तेव्हा भेटायला आलेल्या माणसांनी ते मोठमोठ्यानं वाचून वर चर्चा केली होती. आमच्या घरात आजाऱ्याला पलंग मिळतो, एकांत मिळत नाही.

मग हैदराबादेत असणाऱ्या माझ्या भावानं तो टॅब आणला. त्या काळातला स्वस्तातला. विटेसारखा जाड, आणि तासाभरात विटेसारखाच तापायचा. बोट नुसतं टेकवून भागायचं नाही, नखानं रेटावं लागायचं. एकीकडं दाबलं तर रेघ भलतीकडं उमटायची. मराठी त्याला येत नव्हती, अक्षरांच्या जागी चौकटी दिसायच्या. म्हणून चित्रं काढायचं पान उघडून द्यायचं आणि त्यावर गिरवायचं. त्या पानाच्या कोपऱ्यात खोडरबराचं चित्र होतं. त्याला धक्का लागला, की सगळं साफ. आजचा टॅब तळहात टेकला तर समजून घेतो, की हा हात आहे, हे लिहिणं नव्हे. त्या पहिल्याला तळहात, मनगट, कापडाची घडी सगळं सारखंच. जे दाबेल त्याचं तो ऐकायचा. बिचाऱ्याला माणूस ओळखता येत नव्हता.

अप्पांना तो आवडला. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि खांद्यावरची दस्ती काढून त्यावर अंथरली. दस्ती म्हणजे त्यांचं ते लाल काठाचं उपरणं. हात दस्तीखाली घातला आणि लिहायला लागले.

आम्ही सगळे बघत राहिलो. भाऊ म्हणाला, "अप्पा, दिसंल तर कसं?" पण अप्पांच्या दृष्टीनं ते सरळ होतं. बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक दस्तीखाली हात घालतात, एकमेकांची बोटं धरतात, दाबतात, सोडतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. जन्मभर ते बोटांनीच बोलत आले होते आणि बोटांचं बोलणं झाकून करायचं असतं. लहानपणी मी त्यांना म्हटलं होतं, मलाही शिकवा. तेव्हा ते हसले होते, "तुला कामून पाहिजे गं? तू काय बैलं इकायलीस?" बायकांचा हात त्या दस्तीखाली कधी जात नसे.

तर अप्पा न बघता लिहायचे. एका अक्षरावर दुसरं चढायचं, कापडाच्या घडीनं तिसरीच रेघ उमटायची. दस्ती काढून ते मोठ्या आशेनं ती टॅबची पाटी आमच्यापुढं धरायचे आणि आमची तोंडं बघून पुन्हा झाकायचे. एकदा मी दस्ती बाजूला करायला गेले, तर हातावर चापट मारली.

तोवर माझी गोष्ट घरात फुटली होती. भाऊ माझ्याशी बोलत नव्हता. धाकट्या काकांनी तर जाहीरच करून टाकलं होतं, की असं झालं तर या घरात पाय ठेवणार नाही. आणि असं म्हणून ते दिवसभर याच घरात, अप्पांच्या पलंगाशेजारी बसून असायचे. ते असेपर्यंत मी काही विचारू शकत नव्हते.

एका दुपारी सगळे बसले असताना अप्पांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. पाटी घेतली, दस्ती टाकली आणि लिहायला लागले. इतका वेळ ते कधीच लिहीत बसले नव्हते. कपाळावर घाम आला. मला कळलं, हे माझ्यासाठी आहे. दस्ती काढली तर पान कोरं होतं. मनगट त्या खोडरबरावर टेकलं होतं.

अप्पा त्या कोऱ्या पानाकडं बघत राहिले. मग पाटी बाजूला सारली, दस्ती माझ्यापुढं धरली आणि माझा हात धरून तिच्याखाली घेतला. बोटं चाचपली नाहीत. माझी मूठ वळवली, तिच्यावर आपला पंजा झाकला आणि दाबला. त्या हातात इतकं बळ उरलं असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

मला वाटलं, ते विनवतायत. नको गं, असं करू नको. आवाज गेलेला बाप लेकीचा हात घट्ट धरून रडतो, तेव्हा दुसरं काय समजायचं? मी मान हलवली. बरं म्हटलं. त्यांचा चेहरा उजळला. त्याच आठवड्यात अप्पा गेले.

कडगंचीला जाऊन मी त्याला नाही म्हणून सांगितलं. त्यानं बरीच वाट पाहिली, मग त्याच्या घरच्यांनी त्याचं लग्न करून दिलं. आता बीदरला मैलूरमध्ये राहतो. कधी बसस्टँडवर भेटला तर अव्वाची चौकशी करतो. मी लग्न केलं नाही. मरणाऱ्या माणसाची विनवणी मी पाळली, एवढं समाधान माझ्यापाशी होतं. तेवढ्यावर मी इतकी वर्षं काढली.

काल भाची खेळायला गेल्यावर तिचा टॅब मी मांडीवर घेतला. पेटीतनं अप्पांची दस्ती काढली, त्यावर अंथरली आणि न बघता खाली बोटानं लिहिलं. कापडाच्या घड्यांकडं त्यानं लक्ष दिलं नाही, तळहाताकडंही नाही. माझं वेडंवाकडं अक्षर ओळखलं आणि आतनं म्हणाला, "अप्पा." मला हुंदका आवरला नाही. एवढंच तर पाहिजे होतं. त्या दुपारी एवढंच पाहिजे होतं.

तेवढ्यात धाकटे काका आले. आता थकलेत, काठी टेकत येतात. मांडीवर दस्ती बघून खुशीत आले. "आगं, कुणासंगं सौदा करायलीस?" म्हणाले आणि शेजारी बसून गमतीनं आपलाही हात खाली घातला. माझं एक बोट धरलं, मग दोन धरली. असा भाव, तसा भाव, सांगत राहिले. बायकांना शिकवायचं नसतं, हे आता त्यांच्याही लक्षात राहिलेलं नाही.

मी मूठ वळली. विचारलं, "काका, बोटं न धरता मूठच झाकली तर?"

"मग काय ऱ्हायलं?" त्यांनी पंजा माझ्या मुठीवर ठेवून दाबला, अगदी तसाच. "कबूल म्हणायचं. तू म्हणतीस तसं. मूठ झाकली की बोलणं संपलं. तुझ्या बापानं झाकलेली मूठ तर कधी मोडली न्हाई, बघ."

काकांनी हात काढून घेतला, अव्वाला चहा टाकायला सांगितलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "रडायलीस कामून?" त्या दुपारी ते पलंगाशेजारीच बसले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत अप्पांनी मला होकार दिला होता.