सात रस्त्याजवळचं पिठलं

मंडळी, आज दुपारी सोलापुरात भलतंच घडलं. सात रस्त्याजवळ एक घरगुती खानावळ आहे, असं ऐकून गेलो. आत पंगत बसलेली. सगळे गप्प जेवत होते. मला वाटलं, चवीनं जेवतायत! मीही बसलो. मावशींनी पिठलं-भाकरी वाढली. "एक नंबर!" म्हणत फोटो काढला, पुन्हा मागितलं.

शेजारचे आजोबा हळूच म्हणाले, "पावनं, कडू घास हाय ह्यो. शेजाऱ्यांनी आनलाय. खानावळीचं मालक काल गेलं."

मी उठायला लागलो. कोपऱ्यातून मालकीणबाई म्हणाल्या, "जेवू द्या त्येस्नी. दारातनं कोन उपाशी गेलेलं ह्यांना आवडायचं न्हाय."

मी परत बसलो. मोबाइलमधला फोटो पुसला. पानात तुकडाही टाकला नाही.

निघताना बाईंनी विचारलं, "पोट भरलं न्हवं?"

मंडळी, मी वाकून त्यांना नमस्कार केला.