भोपळबी परत पाण्यात

एलरॉय टेशला लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला ज्या गावात तो जन्मला तिथे त्यावाचून फारसं अडत नाही. गावात सिग्नल एकच. वरचा दिवा लागला की थांबायचं, एवढं पाठ असलं की झालं. चीजच्या कारखान्यात त्याने उभा जन्म काढला. तिथे चीज पिवळं नाहीतर पांढरं, विषय संपला. मोज्यांचं त्याची बायको आर्डिस बघायची. ती गेल्यापासून तो रविवारी चर्चमध्ये एक तपकिरी आणि एक हिरवा मोजा घालून बसतो, आणि मागच्या बाकावरच्या बायका ते बघून डोळे पुसतात. एलरॉयला वाटतं, आज प्रवचन चांगलं झालं.

अडायचं ते फक्त टॅमरॅक तळ्यावर.

या तळ्यात तळव्याएवढे चपटे मासे मिळतात, तव्यात अख्खे बसतील असे. त्यातल्या दोघी अगदी सख्ख्या बहिणींसारख्या. एक ब्लूगिल. दुसरी भोपळ्याच्या बीच्या आकाराची म्हणून तिचं नावच तसं पडलेलं. आपण तिला भोपळबी म्हणू. अंगलट तीच, तोंड तेच, गळाला लागल्यावरचा नखराही तोच. फक्त भोपळबीच्या कल्ल्याच्या झाकणीवर, काळ्या टोकाशी, बोट टेकवल्यासारखा लाल ठिपका असतो. हे एलरॉयला आर्डिसनेच सांगितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात. आणि वर घरचा कायदाही सांगितला होता.

"भोपळबी परत पाण्यात. एवढी नटलेली पोर पिठात घोळवून तळायची म्हणजे काय? मला नाही जमायचं."

तेव्हापासून होडीतली व्यवस्था ठरून गेली. तो मागे बसून गळ टाकायचा. ती पुढच्या फळीवर शब्दकोडं घेऊन बसायची. मासा लागला की तो गळातून सोडवून पुढे धरायचा आणि विचारायचा, "काय आहे?" ती चष्म्यावरून एक नजर टाकायची. "ब्लूगिल" म्हटलं की मासा बादलीत, "भोपळबी" म्हटलं की पाण्यात. घरी आल्यावर मासे साफ करायचं काम तिचं, तळायचं त्याचं, आणि खाताना कोण जास्त खातं यावर दोघांचं भांडण.

इतक्या वर्षांत एलरॉयच्या एक गोष्ट लक्षात आली होती. सुरुवातीला सगळ्या ब्लूगिल लागतात, आणि बादली जरा भरत आली की भोपळब्यांची रांग लागते. यावर त्याने एक सिद्धान्तच बांधला होता: भोपळबी ऊन कललं की बाहेर पडते. गुत्त्यावर ब्रँडीच्या पेल्यासमोर बसून तो हे इतक्या ठामपणे सांगायचा की गावातली निम्मी माणसं आता भोपळबीसाठी मुद्दाम उशिरा निघतात. मिळत कुणालाच नाही. पण दोष ते आमिषाच्या अळ्यांना देतात.

आर्डिस आजारी पडली तेव्हाही, शेवटच्या दिवसांत, त्याचा हात हातात घेऊन ती म्हणाली होती, "भोपळब्या सोडत जा हं."

सोडत जाईन, असं तो म्हणाला. पण कुठली सोडायची? त्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत त्याने जो मासा लागला तो सोडला. उगीच चुकून एखादी भोपळबी तव्यात जायला नको. सवयीने तो मासा पुढे धरायचा, "काय आहे?" तोंडातून निघून जायचं, आणि समोर रिकामी फळी. मग थोडा वेळ मासाही तडफडायचा थांबायचा, असं त्याला वाटे. शुक्रवारी तो गुत्त्यावर मासे खायचा. ते दूरच्या समुद्रातले, बर्फातले. कापूस तळून दिल्यासारखे. घरच्या तव्यातल्या ब्लूगिलसाठी जीव टाकायचा, पण दिलेल्या शब्दाचं काय करणार. यंदा जूनमध्ये त्याने होडीवर 'विकणे आहे' अशी पाटी लावली.

ती पाटी बघून लवॉन आली. लवॉन म्हणजे आर्डिसची धाकटी बहीण. बोलायला फटकळ, गाडी दारात थांबायच्या आत तिचं बोलणं सुरू होतं.

"होडी विकून काय करणारेस? पत्ते कुटणारेस?"

"मला मासे ओळखता येत नाहीत, लवॉन. लाल ठिपका दिसत नाही मला. आर्डिस होती तोवर ठीक होतं."

लवॉन त्याच्याकडे बघतच राहिली. "ठिपका कशाला बघायला हवा? चल, बस होडीत."

पुढची फळी दवाने ओली होती. लवॉनने 'विकणे आहे'ची पाटी उपटली, फळीवर पालथी घातली आणि तिच्यावर ऐसपैस बसली. पहिला मासा लागताच तिने तो हातात घेतला.

"हे बघ. गाल कोरा आहे ना? भोपळबीच्या गालावर निळ्या नागमोडी रेघा असतात, लहान पोराने खडूने ओढल्यासारख्या. निळं दिसतं ना तुला?"

"निळं दिसतं की."

"मग झालं. आणि हा पाठीवरचा पर उघडून बघ, मागच्या बाजूला काळा डाग. भोपळबीला हा डाग नसतो. ही ब्लूगिल. आंधळ्यालाही कळेल."

एलरॉयने मासा चाळीस वर्षं न बघितल्यासारखा बघितला. "आर्डिसने मला हे कधीच सांगितलं नाही."

"काय सांगायची?"

"फक्त लाल ठिपका."

लवॉनने मासा बादलीत टाकला. दुसरा मासा लागला; कोरा गाल, काळा डाग. तिसराही तसाच. एलरॉय म्हणाला, "भोपळब्या उशिरा येतात. बादली भरत आली की."

"एलरॉय, या तळ्यात भोपळबी आहेच कुठे? लहानपणापासून इथे येतेय मी. एखादी दिसली तर वडील आम्हाला हाका मारून दाखवायचे."

"आम्हाला रोज मिळायच्या. ढिगाने."

मग लवॉनला हसू फुटलं. होडी डोलेपर्यंत ती हसली. "अरे, तिला मासे साफ करायचा कंटाळा! लहानपणी घरचे सगळे मासे तिच्याच गळ्यात पडायचे. पुरेसे झाले की तुझ्या भोपळब्या सुरू होत असणार."

एलरॉय हसला नाही. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. "सांगितलं असतं तर मी साफ केले असते," तो म्हणाला.

"तू? तू खवल्यांसकट तळले असतेस."

"शेवटीसुद्धा तेच म्हणाली. सोडत जा म्हणून."

"मग, ती गेल्यावर तुलाच साफ करावे लागणार होते ना," लवॉन म्हणाली, पण या वेळी आवाज खाली होता.

ऊन कललं. बादलीत दोघांपुरत्या ब्लूगिल झाल्या. संध्याकाळी तवा तापणार हे नक्की होतं. एलरॉयने गळ पुन्हा टाकला. लागलेला मासा सोडवताना त्याने नीट पाहिलं: गाल कोरा, परावर काळा डाग, कुणालाही दिसेल असा. त्याने तो पुढच्या फळीकडे धरला.

"काय आहे?"

लवॉनने माशाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "दिसत नाही का तुला?"

"नाही," एलरॉय म्हणाला.

लवॉनने चष्मा जरा खाली सरकवला आणि त्याच्यावरून बघितलं.

"भोपळबी," ती म्हणाली.

एलरॉयने हात पाण्यात बुडवला आणि मूठ उघडली.